बी.ए. झाले, आता पहिलीला शिकवायचंय

(समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)

संध्याकाळची वेळ आहे, कुणी चुलीपुढं असाल, कुणी शेळ्यांना पाला टाकत असाल. हातातलं काम सोडू नका, काम करता करता ऐका. फक्त घरात कुणी बी.ए., बी.कॉम. झालेली लेक किंवा सून असेल, तर तिला हाक मारून जवळ बसवा. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे आणि तिला पैसे देणाऱ्या तुमच्यासाठीही आहे.

मी बचतगटांची समन्वयक. गावोगावच्या बैठकांना जाते, हिशोबाच्या वह्या तपासते, बँकेच्या कामात मदत करते. स्वतः बी.ए. आहे. त्यामुळं गावात शिकलेल्या पोरीसोरी मला विचारतात, "ताई, आता पुढं काय करू?" आणि दहातल्या चार-पाचजणी तरी म्हणतात, "आपल्या मराठी शाळेत बाई व्हायचंय. पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायचंय."

आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ती चूक चाळीस हजार रुपयांची आणि दोन वर्षांची होती. पैसे गटाचे होते आणि वर्षं दुसऱ्याच एका पोरीची.

आमच्या एका गटात बारा बायका आहेत. त्यातल्या एका मावशींची सून बी.ए. झालेली. लग्न होऊन आली, मुलगा झाला. तिनं नाव सांगू नका म्हटलंय, म्हणून मी तिला नुसतं सूनबाईच म्हणते. २०२१ साली ती मला म्हणाली, "ताई, मला लहान पोरांना शिकवायला आवडतं. झेडपीच्या शाळेत लागायचं तर काय करावं लागेल?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "बी.एड. कर." मला वाटलं, बी.ए.च्या पुढं बी.एड. ही सरळ वाट आहे. आणि मी अगदीच हवेत बोलत नव्हते. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं असा नियम काढला होता, की बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीला घेता येईल, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण पूर्ण करावं लागेल. ते मी कुठंतरी वाचलं होतं. पण त्या नियमावर कोर्टात वाद चाललाय, हे मला माहीत नव्हतं. मी चौकशीही केली नव्हती.

मावशींनी गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं, शेकडा एक रुपया व्याजानं. ठरावावर मीच सही केली. सूनबाईनं सीईटी दिली, दोन वर्षं बी.एड. केलं. पोराला सासूकडं ठेवून रोज एसटीनं जाऊन येऊन केलं.

ऑगस्ट २०२३. तिची शेवटची परीक्षा तोंडावर होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, बी.एड.वाल्यांना आता पहिली ते पाचवीला घेणार नाहीत म्हणे. खरं आहे का?"

खरं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता. राजस्थानच्या उच्च न्यायालयानं २०१८चा तो नियम आधीच रद्द ठरवला होता, सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एड. हे मोठ्या वर्गांना शिकवण्याचं प्रशिक्षण आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं, अंकांशी मैत्री करून देणं हे वेगळं काम आहे आणि त्याचं वेगळं शिक्षण आहे. मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे म्हणजे चांगल्या शिक्षणाचा हक्क आहे, म्हणून त्या कामाचं शिक्षण घेतलेलाच शिक्षक त्यांना मिळाला पाहिजे.

मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, "बायांनो, मावशींच्या सुनेला बी.एड.चा सल्ला मी दिला होता. तिला ज्या वर्गाला शिकवायचंय, तिथं तो कागद चालत नाही. चूक माझी आहे." बायका गप्प बसल्या. मग मावशीच म्हणाल्या, "ताई, तुम्ही काय मुद्दाम केलं का? पण आता नीट चौकशी करा. पुन्हा अर्धवट नको."

तेव्हापासून मी ही सगळी माहिती नीट गोळा केली. तीच आज सांगते. पण त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी एवढी घाबरून का बोलते ते कळेल.

माझी थोरली बहीण, अक्का, बारावीनंतर डी.एड.ला गेली. तुम्हाला आठवत असेल, त्या काळात डी.एड. म्हणजे हमखास नोकरी असं समीकरण होतं. तालुक्या-तालुक्याला अध्यापक विद्यालयं निघाली होती. वडिलांनी तिच्यासाठी बैलजोडी विकली. अक्का पास झाली, २०१०ची राज्याची सीईटी तिनं दिली, थोडक्यात राहिली. आणि त्यानंतर भरतीच जवळजवळ थांबली. दरम्यान टीईटी नावाची नवी परीक्षा आली, २०१३ साली. अक्कानं ती दिली, पाच गुणांनी राहिली. मग लग्न, मुलं. पुढची मोठी भरती प्रत्यक्ष यादीपर्यंत पोचली ती २०१९ साली. तोवर अक्काच्या हातात शिलाई मशीन आलं होतं. डी.एड.कडं कुणी फिरकेना, म्हणून अनेक विद्यालयं बंदही पडली. अक्काचं पाहून मी डी.एड.चं नाव काढलं नाही, बी.ए. केलं.

म्हणून मी कुणालाही "कर, नोकरी लागेलच" असं सांगणार नाही. वाट कशी आहे, किती लांब आहे आणि कुठं खड्डा आहे तेवढं सांगते. निर्णय तुम्ही घ्यायचा.

तर वाटेची पहिली पायरी: डी.एल.एड.

जुनं डी.एड. म्हणजेच आताचं डी.एल.एड., प्राथमिक शिक्षणाची पदविका. मुदत दोन वर्षं. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर आज बहुतेकींसाठी हीच वाट आहे. बी.ए. झालेल्या पोरींना एक गोष्ट ऐकून धक्का बसतो: इथं प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. तुमचं बी.ए. पहिल्या वर्गात असलं तरी गुणवत्ता यादीत बारावीचीच गुणपत्रिका बघतात. खुल्या प्रवर्गाला बारावीला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. प्रवेशाचं काम पुण्याची महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बघते, अर्ज ऑनलाइन असतो.

मग बी.ए. वाया गेलं का? अजिबात नाही. बारावी आणि डी.एल.एड. झालेलीला पहिली ते पाचवीचं दार उघडतं. पदवी आणि डी.एल.एड. दोन्ही असेल, तर सहावी ते आठवीचंही दार उघडतं. म्हणजे पदवीधर पोरगी डी.एल.एड. करते तेव्हा तिच्यापुढं दोन दारं असतात. बी.एड. झालेलीला काय? तिला सहावी ते आठवी आणि पुढं नववी-दहावी, एवढं खुलं आहे. तिचं बी.एड. फुकट नाही, पण त्यानं पहिलीच्या वर्गात जाता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी स्वतःला विचारा, मला कोणत्या वर्गाला शिकवायचंय?

दुसरी पायरी: टीईटी. आणि तिसरी पायरी: टेट. ही दोन नावं कानाला सारखी लागतात, त्यामुळं निम्म्या पोरींचा गोंधळ होतो. नीट ऐका.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पास झालात म्हणजे तुम्ही शिक्षक व्हायला पात्र, इतकंच. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्ही दारं हवी असतील तर दोन्ही पेपर द्या. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, अडीच तासांचा. पेपर एकमध्ये पाच भाग, प्रत्येकी ३० गुणांचे: बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षं चालायचं, आता ते आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही आपल्याकडं ग्राह्य धरतात.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही २०० गुणांची, संगणकावर, दोन तासांत २०० प्रश्न. त्यात १२० प्रश्न अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. इथं पास-नापास नसतं, इथले गुण तुमचा नंबर ठरवतात. दारातून आत यायची परवानगी टीईटी देते. आत गेल्यावर रांगेत तुम्ही कितव्या, हे टेट सांगते. ही चाचणी दरवर्षी होत नाही. पहिली २०१७ला झाली, दुसरी २०२३ला, तिसरी २०२५ला. म्हणजे एकदा संधी हुकली तर किती वाट बघावी लागेल, याचा भरवसा नाही. तयारी आधीपासून पाहिजे.

चौथी पायरी: पवित्र. हे सरकारचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ. टेटचे गुण घेऊन तिथं कागदपत्रं भरायची, जिल्ह्यांचे आणि संस्थांचे पसंतीक्रम द्यायचे. निवड झाली तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काम. मानधन प्राथमिकला महिना १६,००० रुपये. पूर्वी ते ६,००० होतं, २०२३ पासून वाढलं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. वयाची अट साधारण खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३. आणि महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

आता खड्डा सांगते. २०२३च्या टेटला दोन लाखांहून जास्त उमेदवार बसले होते. त्यावर फेब्रुवारी २०२४ला जी पहिली मोठी यादी लागली, त्यात नावं होती अकरा हजारांच्या आसपास. हा हिशोब सासूनं, नवऱ्यानं, वडिलांनी, सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून बघावा. पोरीला नंबर लागला नाही म्हणजे तिनं कष्ट केले नाहीत, असं म्हणायची पाळी येऊ नये.

आणि नियम बदलतात, हेही लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नोकरीत असलेल्या शिक्षकांनीसुद्धा टीईटी पास व्हायला हवं. ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहेत, त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी आणि बाई पुस्तकं घेऊन अभ्यासाला बसले. पुढचंही ऐका. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणात असं म्हटलंय, की २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावी. म्हणून ज्यांची लेक आज बारावीला आहे, त्यांनी बारावीनंतरच्या त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचीही चौकशी करावी. पैसे भरायच्या आठवड्यात त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. माझ्यासारखं तीन वर्षांपूर्वी कुठंतरी वाचलेलं सांगू नका आणि ऐकूही नका.

आता सूनबाईचं पुढं काय झालं, ते सांगते.

तिच्यापुढं बी.एड.वर सहावी ते आठवीसाठी जायचा रस्ता होता. पण ती म्हणाली, "ताई, मला लहानच पोरं पाहिजेत." २०२४ला तिनं डी.एल.एड.ला प्रवेश घेतला. बारावीला तिला ५८ टक्के होते, बावीस किलोमीटरवरच्या अनुदानित अध्यापक विद्यालयात नंबर लागला. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार झाला. पण घरात कुरकुर झालीच. नवरा म्हणाला, "बी.ए. झाली, बी.एड. झाली, आता बारावीच्या पोरींबरोबर बसणार?" आणि खरंच, तिच्या वर्गात सतरा-अठरा वर्षांच्या मुली. पहिले पंधरा दिवस तिला लाज वाटायची.

मग हळूहळू ती घरी येऊन सांगायला लागली. एक दिवस तिनं पोराला समोर बसवलं आणि चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. दोन्हीत पाच-पाच. एक ओळ जवळजवळ, दुसरी लांबलांब पसरलेली. विचारलं, "कुठं जास्त आहेत?" पोरानं लांब ओळीवर बोट ठेवलं. मावशी हसल्या, "अरे येड्या, सारखेच आहेत की!" सूनबाई म्हणाली, "आत्या, तो येडा नाही. या वयात सगळी पोरं असंच सांगतात. पियाजे नावाच्या शास्त्रज्ञानं मुलांबरोबर असे प्रयोग करून पाहिलेत. पोराच्या हातानं दहा वेळा जोड्या लावून घ्यायच्या, मग त्याचं त्यालाच कळतं." मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही चार पोरं वाढवली, पण असं कधी बघितलं नाही. आम्ही आपलं टपली मारायचो."

दुसऱ्यांदा तिनं सांगितलं ते भाषेचं. सरावपाठासाठी ती एका वस्तीशाळेत गेली होती. पाठाचं टाचण सुबक काढलेलं, चित्रं रंगवलेली. चित्रात वाटीत भाजी होती. तिनं विचारलं, "हे काय?" एक पोरगी म्हणाली, "कोरड्यास." सूनबाई पटकन म्हणाली, "नाही, भाजी म्हण." पोरगी गप्प झाली, ती पाठ संपेपर्यंत बोलली नाही. मागं बसून निरीक्षण करणाऱ्या बाईंनी नंतर वहीत शेरा लिहिला: मुलीचा शब्द आधी घ्या, मग आपला द्या. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, "तुझ्या घरात कोरड्यास, पुस्तकात भाजी." ती पोरगी फळ्यापाशी आली आणि दोन्ही शब्दांवरून बोट फिरवलं.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर मला त्या निकालाचा अर्थ खरा कळला. आधी मला वाटायचं, पहिलीला शिकवायला काय लागतं, अ आ ई आणि एक ते शंभर. डी.एल.एड.च्या दोन वर्षांत लहान मूल कसं शिकतं, हेच शिकवतात. छोटे छोटे सूक्ष्म पाठ असतात, मग सरावपाठ, मग खऱ्या शाळेत जाऊन छात्रसेवा, म्हणजे काही आठवडे पूर्णवेळ वर्ग सांभाळणं. आपल्या वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षकांची शाळा असते. एका बाईसमोर पहिली आणि दुसरी एकत्र बसलेली. एका वर्गाला काम देऊन दुसऱ्याला कसं शिकवायचं, हे घरबसल्या येत नाही.

आणि वयाची लाज कशाला? अनुताई वाघांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणीच विधवा झालेली बाई, शिकून प्राथमिक शिक्षिका झाली. १९४५ साली, पस्तिशीत असताना त्या बोर्डीला ताराबाई मोडकांकडं बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. पुढं कोसबादला आदिवासी मुलांच्या अंगणातच त्यांनी शाळा नेली. आपल्या गावातल्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. त्यांनी पस्तिशीत नव्यानं सुरुवात केली, आपली सूनबाई तर सत्तावीसची.

आता पैशाचं बोलू, कारण आपण बचतगटाच्या बायका आहोत.

पहिल्या कर्जाचे नऊ हजार बाकी असताना मावशींनी दुसरं कर्ज मागितलं. गटात वाद झाला. एकजण म्हणाली, "एकदा बुडाले, आता परत?" मी या वेळी बोलले नाही, कागद पुढं ठेवले. विद्यालयाचं फीचं पत्र, मान्यतेचा कागद, दोन वर्षांचा खर्च लिहिलेला. मग गटानं असं ठरवलं: सगळे पैसे एकदम द्यायचे नाहीत. प्रत्येक वर्षाची फी भरायची वेळ येईल तेव्हा तेवढेच द्यायचे आणि पावती बैठकीत दाखवायची. शिकत असताना फक्त व्याज आणि थोडी मुद्दल. मावशींनी दोन शेळ्या त्यासाठी वेगळ्या काढल्या. हा नियम आमच्या गटानं आता शिक्षणाच्या प्रत्येक कर्जाला लावलाय. तुमच्या गटाला पटला तर तुम्हीही लावा.

दोन सूचना मात्र नक्की पाळा. पहिली: "दुसऱ्या राज्यातून घरबसल्या डी.एड. करून देतो", "हजर राहायची गरज नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला चहासुद्धा देऊ नका. विद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का आणि आपल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेच्या यादीत त्याचं नाव आहे का, हे आधी बघा. दुसरी: "पैसे द्या, टीईटी पास करून देतो" म्हणणारा भेटेल. २०१९-२०च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघडकीला आलं, तेव्हा सात हजार आठशेहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले आणि परीक्षा द्यायचा हक्कही गेला.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. लग्नानंतर नाव बदलतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या जातीवर निघतो, जात पडताळणीला महिने लागतात. अर्ज सुटल्यावर धावपळ केली तर उशीर होतो.

सूनबाईचं यंदा दुसरं वर्ष चालू आहे. तिला नोकरी लागेल का? मला सांगता येत नाही, आणि या वेळी मी तिला वचनही दिलेलं नाही. ती रोज पहाटे दोन तास टीईटीचा अभ्यास करते. संध्याकाळी वस्तीवरची सात-आठ पोरं तिच्या ओट्यावर येऊन बसतात, चिंचोके, काड्या, खडे घेऊन. पैसे घेत नाही, म्हणते माझा सराव होतो. परवा मी गेले तेव्हा मावशी त्या पोरांमध्ये बसून चिंचोक्यांच्या जोड्या लावत होत्या.

आणि माझी अक्का? हे सगळं ऐकून तिनं जुनी पेटी उघडली, डी.एड.ची गुणपत्रिका बाहेर काढली. वयात ती अजून बसते. टीईटीचं पुस्तक मी तिला नेऊन दिलं. शिलाई मशीनच्या फळीवर ते उघडं असतं. पाच गुणांनी राहिली होती, बघू या.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम सांगते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या समितीत आहात. तुमच्या शाळेत छात्रसेवेला शिकाऊ बाई आल्या, तर त्यांना परकं समजू नका. त्यांना आपल्या वस्तीवर फिरवा, घरी जेवू घाला, पोरं घरात काय बोलतात ते ऐकवा. "कोरड्यास" हा शब्द त्यांना पुस्तकात सापडणार नाही, तुमच्याकडंच सापडेल.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत, व्याजाचा हिशोब झाल्यावर, शिकलेल्या लेकी-सुनांना बोलवा. त्यांना तीन गोष्टी विचारा. कोणत्या वर्गाला शिकवायचंय? बारावीला किती टक्के आहेत? आणि दोन वर्षं ती शिकायला गेली तर तिचं घरातलं काम कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला ती काय सांगेल? तो प्रश्न तिला विचारला, तरी उत्तर आपल्याला द्यायचंय, हे तेवढं लक्षात ठेवा.